होमब्रू संमेलनाला निघण्याआधी सोलापुरात काय करायचं

पत्र: "मी जुळे सोलापूरला राहतो, वय ३४. चादरी-टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. बीअरची आवड कॉलेजपासून, पण गेल्या तीन-चार वर्षांत ती नुसत्या पिण्यापलीकडे गेली आहे. माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं), यीस्ट यांबद्दल मिळेल ते वाचतो. बहीण अमेरिकेत असते, पुढच्या वर्षी तिच्याकडे जाणार आहे. त्याच सुमाराला तिथे घरी बीअर बनवणाऱ्यांचं वार्षिक संमेलन, होमब्रू कॉन, गाठावं असं मनात आहे. अडचणी अशा : मी स्वतः कधी बीअर बनवलेली नाही. तिथे रिकाम्या हाताने जाणं बरं दिसेल का, की इथे घरी पाचेक लिटर करून नेऊ? माझं इंग्रजी कामापुरतं आहे. आणि बायकोचं म्हणणं, तीन दिवस नुसतं प्यायला एवढा खर्च कशाला. काय करू?"

उत्तर:

जा. पण पाच लिटरचा विचार आजच सोडा, म्हणून त्याचं उत्तर आधी.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे आणि त्यात तुरुंगाची तरतूद आहे. 'घरच्यापुरती केली', 'विकली नाही', 'फक्त पाच लिटर होती' यांतलं काहीही बचाव म्हणून चालत नाही, कारण घरगुती वापराला सूट देणारं कलमच आपल्याकडे नाही. यीस्टची पाकिटं ऑनलाइन सहज मिळतात, त्यामुळे पुढचंही चालत असेल असं वाटतं. ते चालत नाही.

अमेरिकेत चित्र वेगळं आहे, पण तिथेही हा हक्क फार जुना नाही. घरी बीअर बनवायला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून तो लागू झाला. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर. घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर त्या घराला २०० गॅलन. विकायला मात्र बंदी. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तर २०१३ पर्यंत वाट पाहायला लावली. ज्या संस्थेचं हे संमेलन आहे ती अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन १९७८ मध्येच कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी चार्ली पापाझियन आणि चार्ली मॅटझेन यांनी सुरू केली, आणि पहिलं संमेलन १९७९ चं. 'होमब्रू कॉन' हे नाव २०१६ पासूनचं.

विक्रीबंदीमुळेच या संमेलनाला त्याचा स्वभाव मिळालेला आहे. घरची बीअर विकता येत नाही, म्हणून ती वाटली जाते. आणि वाटणारा माणूस हाच बनवणारा असतो. एरवीच्या बीअर महोत्सवात नळामागे उभ्या असलेल्या मुलाला मॅशचं, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवण्याचं, तापमान विचारलंत तर तो चाचरेल. इथे समोरचा माणूस वही काढून दाखवेल. म्हणून रिकाम्या हाताचा संकोच नको. कधीच बीअर न बनवलेली माणसं, जोडीदाराबरोबर आलेली माणसं, तिथे भरपूर असतात. हात रिकामे चालतील. जीभ आणि वही मात्र तयार हवी, आणि ती तयारी सोलापुरात कायद्यात राहून करता येते.

जिभेपासून सुरुवात करू, कारण त्याला तीन-चार महिने लागतात.

बीअरचे दोष ओळखायला शिकवणाऱ्या वासांच्या कुप्या बाहेर विकत मिळतात. त्या महाग असतात आणि सुरुवातीला लागतही नाहीत. आपलं स्वयंपाकघर पुरेसं आहे. मक्याचं कणीस उकडा आणि भांड्यावरचं झाकण उचलल्याबरोबर जो वास येतो तो लक्षात ठेवा : तो डीएमएस, डायमिथाइल सल्फाइड. फिकट माल्टमध्ये त्याचं मूळ असतं; उकळताना भांडं झाकून ठेवलं किंवा उकळ कमी वेळ दिली की ते वाफेबरोबर निघून न जाता बीअरमध्ये उतरतं. म्हणून फिकट माल्टचं वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, ६० ते ९० मिनिटं उघडं उकळतात. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे ॲसिटाल्डिहाइड, म्हणजे यीस्टचं काम पुरं होण्याआधीच बीअर काढली. थिएटरमधल्या पॉपकॉर्नचा लोण्यासारखा वास आणि जिभेवर बुळबुळीतपणा म्हणजे डायअसेटिल. तोही बहुतेक वेळा घाईचाच पुरावा, कधी जंतुसंसर्गाचा. यीस्ट हे रसायन आधी सोडतं आणि शेवटी परत शोषून घेतं. लागरमध्ये, म्हणजे थंडाव्यात आंबवलेल्या बीअरमध्ये, त्यासाठी शेवटचे दोन-तीन दिवस तापमान १८ अंशांच्या आसपास वर नेतात. पिकून काळ्या पडू लागलेल्या केळ्याचा वास आयसोॲमिल ॲसिटेटचा. जर्मन गव्हाच्या बीअरमध्ये तो हवा असतो, लवंगेच्या वासासकट. साध्या लागरमध्ये तोच दोष. एकच वास कुठे गुण आणि कुठे दोष, हे कळू लागलं की निम्मं काम झालं.

कडू आणि तुरट यांची गल्लत मात्र जवळपास सगळेच करतात, म्हणून एक संध्याकाळ फक्त त्यालाच द्या. एका कपात दूध-साखरेविना चहाची पत्ती दहा मिनिटं उकळून गाळा. दुसऱ्या कपात कारल्याच्या चार चकत्या गरम पाण्यात भिजवून ते पाणी घ्या. दोन्ही कोमट होऊ द्या आणि आलटून पालटून घोट घ्या. कारलं जिभेच्या मागे बसतं. चहा गालाच्या आतल्या बाजूला आणि हिरड्यांवर ओढ देतो, तोंड कोरडं पाडतो. हॉप्सचा कडवटपणा कारल्यासारखा असायला हवा. चहासारखी ओढ जाणवली तर माल्टच्या टरफलातून टॅनिन उतरलं असण्याची शक्यता मोठी : माल्ट धुण्याचं पाणी (स्पार्ज) फार गरम होतं, किंवा फार जास्त घातलं. संमेलनात एखाद्याला "बीअर कडू आहे" म्हणण्याऐवजी "शेवटी थोडी तुरट वाटली, स्पार्जचं पाणी किती गरम होतं?" असं विचारलंत तर पुढची पंधरा मिनिटं तो तुमच्याशीच बोलेल.

यापुढचे दोन प्रयोग परवान्याच्या दुकानातून रीतसर आणलेल्या बीअरवर करायचे. आपल्या उन्हाळ्याचा इथे उपयोग आहे. एकाच ब्रँडच्या, एकाच बॅचच्या दोन बाटल्या घ्या. लेबलवरची तारीख आणि बॅच क्रमांक ताडून पाहा. एक फ्रिजमध्ये ठेवा, दुसरी एप्रिल-मेमध्ये तीन आठवडे वरच्या फळीवरच्या बंद खोक्यात. मग दुसरी एक दिवस फ्रिजमध्ये गार करून दोन्ही शेजारी शेजारी ओता. उन्हाळा भोगलेल्या बाटलीत ओल्या पुठ्ठ्याचा वास, थोडा मधाचा गोडसरपणा आणि विझलेला हॉप मिळेल. हे ऑक्सिडेशन. आपल्याकडे दुकानात न गारवलेल्या साठ्यातली बीअर अनेकदा याच अवस्थेत हातात येते आणि आपण तीच मूळ चव समजतो. तिथे ताजी बीअर पहिल्यांदा प्यालात की हा फरक एकदम कळेल; पण आधी घरी पाहिला असेल तर त्याला नाव देता येईल.

दुसरा प्रयोग उन्हाचा. ताजी लागर दोन काचेच्या ग्लासांत ओता. एक कपाटात झाकून ठेवा, दुसरा गच्चीवर उन्हात दहा-पंधरा मिनिटं. दोन्ही परत फ्रिजमध्ये, सारख्याच गार होईपर्यंत. उन्हातल्या ग्लासाला जो उग्र, गंधकासारखा वास येतो तो प्रकाशाने हॉप्समधली कडू द्रव्यं फुटून तयार होतो. तपकिरी बाटली त्याला अडवते. हिरवी आणि पांढरी फारशी नाही. फरक कळलाच नाही तर जिभेला दोष देऊ नका, दुसरा ब्रँड घेऊन पाहा. काही कंपन्या प्रकाशाने न बिघडणारा हॉप्सचा अर्क वापरतात.

मग परीक्षा. तीन ग्लास घ्या. दोनांत साधी बीअर, एकात थोडा फेरफार केलेली : २०० मिलिलिटर बीअरमध्ये एक चमचा साधं पांढरं व्हिनेगर, किंवा एक लवंग ३० मिलिलिटर गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून त्यातला एक चमचा. ग्लास कुणीतरी दुसऱ्याने भरावेत, तुम्ही वेगळा कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने तीनदा सांगितलं तर सरासरी एकदा बरोबर येतं, म्हणून एकाच यशावर खूश होऊ नका. सहापैकी पाच वेळा बरोबर आलं तर तुम्हाला खरंच कळतंय. प्रत्येक ग्लासात ३० मिलिलिटरच ओता, आणि सहा फेऱ्या दोन संध्याकाळींत विभागा. पाचव्या-सहाव्या फेरीला जीभ दमलेली असते आणि निकालावर विश्वास ठेवता येत नाही.

मावा, तंबाखू, गुटखा खात असाल तर या काळात आणि संमेलनाच्या दिवसांत पूर्ण बंद हवा. चुन्याने भाजलेल्या तोंडाला बारीक फरक कळत नाहीत. शेंगाचटणीही चाखण्याआधी दोन तास नको. लसूण आणि तिखट दोन्ही बराच वेळ रेंगाळतात. कडक भाकरी मात्र उत्तम. दोन बीअरमध्ये जीभ कोरी करायला परीक्षक साधी क्रॅकर बिस्किटं खातात, आणि बिनतिळाची, मीठ कमी घातलेली कडक भाकरी तेच काम करते. ती विमानात मोडत नाही आणि आठवडाभर टिकते. सोबत नेणार असाल तर अमेरिकेच्या कस्टम्सच्या प्रश्नाला 'खाद्यपदार्थ आहेत' असं स्पष्ट सांगा. भाकरी-चटणीला सहसा अडचण येत नाही. न सांगितल्याचा दंड होतो. ज्वारीचे दाणे, कोणतंही बी-बियाणं नेऊ नका.

माल्टची चव शिकायला आंबवण्याची गरजच नाही. बीअर उद्योगातले लोकही यासाठी जी पद्धत वापरतात ती घरी जमते : ५० ग्रॅम माल्ट मिक्सरमध्ये भरड-बारीक करा, थर्मासमध्ये घाला, ६५ अंशांचं ४०० मिलिलिटर पाणी ओता, वीसेक सेकंद हलवा, १५ मिनिटं ठेवा, कॉफीच्या फिल्टर-कागदातून गाळा आणि त्याच दिवशी चाखा. जे मिळतं ते गोडसर, बिनअल्कोहोलचं पाणी असतं. बार्लीचं माल्ट ऑनलाइन मिळतं. फिकट, म्युनिक, कॅरॅमल आणि चॉकलेट असे चार प्रकार १००-१०० ग्रॅम आणले तरी पुरे. फिकट माल्ट ताज्या कणकेसारखं लागेल, म्युनिक पावाच्या भाजक्या कडेसारखं, कॅरॅमल काकवीसारखं, चॉकलेट माल्ट करपलेल्या फुटाण्यासारखं. हे शब्द मराठीतच वहीत लिहा. इंग्रजीची धास्ती यानेही कमी होईल, कारण तिथले लोक चवीचं वर्णन करताना पुस्तकी शब्द वापरतच नाहीत. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातले पदार्थ सांगतात. तुम्हीही काकवी म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगा. समोरच्याने कदाचित ती कधी चाखलेली नसेल, आणि गप्पा तिथूनच सुरू होतील.

वाचायचं एकच. बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम, म्हणजे बीजेसीपी, ही परीक्षक तयार करणारी संस्था १९८५ पासून आहे. तिची २०२१ ची शैली-मार्गदर्शिका फुकट उतरवून घेता येते. त्यात बीअरचे ३४ गट आहेत. सगळे वाचू नका. जर्मन पिल्स (फिकट, कडसर लागर), वाइसबिअर (वर आलेली जर्मन गव्हाची बीअर), अमेरिकन आयपीए (हॉप्सने भरलेली, कडू) आणि आयरिश स्टाउट (काळी, भाजक्या चवीची) हे चारच पाठ करा, कारण ते चार टोकांना आहेत. वाइसबिअरचा कडवटपणा ८ ते १५ आयबीयू (कडवटपणाचं माप), अमेरिकन आयपीएचा ४० ते ७०, एवढं डोक्यात असलं तरी समोरची बीअर कुठे बसते ते कळतं. त्यांचा गुणांचा तक्ता ५० गुणांचा : वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५, एकूण छाप १०. दिसण्याला फक्त तीन आणि वासाला बारा, हे प्रमाण पाहा. आपण ग्लास उजेडात धरून रंगाचं कौतुक करतो आणि वास न घेताच पहिला घोट घेतो, ते उलटं आहे.

तक्ता वापरून पाहायला पुण्याला जा. २००९ मध्ये डूलाली सुरू झाल्यापासून पुण्यात जागेवर बीअर बनवणाऱ्या मायक्रोब्रूअरी वाढत गेल्या आहेत. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून त्याच दिवशी परत येता येतं, गाडी चालवायचा प्रश्न नाही. चार लहान नमुन्यांचा संच मागवा, प्रत्येकाचा तक्ता भरा, आणि गर्दी नसलेल्या वेळी ब्रूअरला भेटता येईल का विचारा. टाक्या बघायला मिळाल्या तर कोणती टाकी किती अंशांवर आहे हे लिहून घ्या.

आता प्रश्न. संमेलनाला जाणाऱ्याने एक स्वतःचा प्रश्न घेऊन जावं, आणि तुमच्याकडे असा प्रश्न आहे जो तिथल्या बहुतेकांकडे नसेल : ज्वारी.

तुम्ही मालदांडी ज्वारीच्या मुलखातले. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि मोहोळच्या केंद्रात निवडलेलं मालदांडीचं एम ३५-१ हे वाण देशभर माहीत आहे. ज्वारीची बीअर हा आफ्रिकेतला जुना प्रकार. नायजेरियात १९८८ पासून बार्ली-माल्टच्या आयातीवर बंदी आली तेव्हा मोठ्या कारखान्यांनीही ज्वारीपासून लागर बनवली. अमेरिकेत ग्लुटेन न चालणाऱ्या लोकांसाठी घरी बीअर बनवणारे ज्वारीही वापरतात. त्यांना ज्या अडचणी येतात त्या तुम्हाला भाकरीवरून समजतील.

बार्लीतला स्टार्च साधारण ६० ते ६५ अंशांना फुगून मोकळा होतो, आणि त्याची साखर करणारी विकरं (एन्झाइम्स) ६२ ते ७० अंशांत काम करतात. दोन्ही एकाच भांड्यात जमतं. ज्वारीचा स्टार्च मोकळा व्हायला त्याहून जास्त, सत्तरच्या आसपास आणि वर तापमान लागतं, आणि तिथे विकरं मरायला लागतात. म्हणून ज्वारी आधी शिजवून घेतात, गार करतात, मग बार्लीचं माल्ट किंवा बाहेरची विकरं घालतात. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना आपण आधणाचं पाणी घालून उकड काढतो, त्यातही हेच घडतं : गरम पाण्याने स्टार्च फुगतो आणि पिठाला चिकटपणा येतो. शिवाय ज्वारीला मोड आणले तरी तिच्यात बीटा-अमायलेज हे साखर करणारं विकर बार्लीपेक्षा बरंच कमी असतं, आणि मळणीत टरफल निघून गेलेलं असल्यामुळे गाळताना लगदा घट्ट बसतो. त्यावर उपाय म्हणून धान्याच्या ५ ते १० टक्के भाताचा तूस मिसळतात. लाल ज्वारीत टॅनिन जास्त, ते विकरांना अडवतं आणि तुरटी देतं; आपली पांढरी मालदांडी त्या बाबतीत सोयीची. ग्लुटेनमुक्त बीअरवाल्यांना गाठा आणि विचारा : कोणतं वाण, किती अंशांवर किती वेळ शिजवता, विकर कोणतं, गाळायला किती वेळ लागतो?

एक सावधगिरी. हे वाचून घरी ज्वारीला मोड आणून वरची थर्मासची पद्धत करावीशी वाटेल. मोडाच्या कोंबात आणि मुळांत धुरीन नावाचं द्रव्य असतं, त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. कोवळी ज्वारी चरलेलं जनावर दगावतं ते यामुळेच. चवीच्या सरावासाठी ज्वारीऐवजी नाचणी घ्या, आपण सत्वासाठी मोड आणून वाळवतो तशी.

दुसरा तुमचा प्रश्न उष्णतेचा. एल, म्हणजे लागरपेक्षा उबेत आंबणाऱ्या बीअरच्या, यीस्टला १८ ते २० अंश लागतात, लागरला १० ते १२. त्याहून बरंच वर गेलं की डोकं धरवणारी जड अल्कोहोलं आणि फळांचे भडक वास तयार होतात. नॉर्वेच्या खेड्यांतलं क्वाइक यीस्ट मात्र ३० ते ४० अंशांवर नीट काम करतं आणि तीन-चार दिवसांत आंबवण संपवतं. सोलापूरच्या खोलीचं तापमान चालणारं हे यीस्ट. यीस्टच्या स्टॉलवर क्वाइकच्या वेगवेगळ्या जातींच्या बीअर शेजारी शेजारी चाखायला मिळाल्या तर ती संधी सोडू नका.

तिथली भाषा कळायला थोडी मापं पाठ हवीत. नेहमीची घरगुती बॅच ५ गॅलनची, म्हणजे १९ लिटरची. मॅश १५२ फॅरनहाइट म्हणजे सुमारे ६७ सेल्सिअस, ६८ फॅरनहाइट म्हणजे २० सेल्सिअस. एक औंस वजन २८ ग्रॅम. सुरुवातीची घनता १.०५० आणि शेवटची १.०१० सांगितली तर वजाबाकी ०.०४० ला १३१ ने गुणा : साधारण सव्वापाच टक्के अल्कोहोल. मॅश ६४ अंशांना केला असेल तर बीअर कोरडी, हलकी. ६९ ला असेल तर अंगाने भरलेली, गोडसर. तुम्ही हिशेबाचे माणूस, ही आकडेमोड तुम्हाला इतरांपेक्षा सोपी जाईल.

आता प्रत्यक्ष तिथे. संमेलनाचं शहर बदलत असतं आणि महिनाही. बरीच वर्षं ते जूनमध्ये भरायचं, २०२४ मध्ये ते ऑक्टोबरात डेन्व्हरला मोठ्या बीअर महोत्सवाबरोबर झालं. म्हणून तारीख जाहीर झाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. व्हिसाच्या मुलाखतीत बहिणीकडे जाणं आणि हे संमेलन दोन्ही आहे तसं सांगा. प्रवेशिका घेताना 'क्लब नाइट', म्हणजे क्लबांची बीअर चाखण्याची संध्याकाळ, त्यात धरलेली आहे का ते तपासा, आणि हॉटेल संमेलनाच्या जागेपासून चालत जाण्याइतकं घ्या. या एका गोष्टीवर पैसे वाचवू नका. रात्री गाडीची गरजच पडता कामा नये.

दिवसा व्याख्यानं असतात, बहुतेक वेळा त्यासोबत चाखायला नमुने. तीनच्या वर व्याख्यानं एका दिवसात घेऊ नका. चौथ्यातलं काही डोक्यात राहत नाही. पाणी, यीस्ट आणि दोष-ओळख हे विषय निवडा, हॉप्सच्या नव्या जातींची व्याख्यानं गर्दीची असली तरी तुम्हाला तूर्त कमी उपयोगाची. प्रदर्शनातल्या यंत्रांपाशीही वेळ घालवू नका. ती आपल्याकडे आणून करायचं काही नाही.

घरच्या बीअरच्या स्पर्धेचं परीक्षण त्याच ठिकाणी भरत असेल तर स्ट्यूअर्ड म्हणून आधी नाव नोंदवा. त्याला कसलीही पात्रता लागत नाही. बाटल्या क्रमाने आणून द्यायच्या, पाणी-बिस्किटं पुरवायची, तक्त्यांवरची बेरीज तपासायची. बेरजेच्या चुका खरंच होतात, आणि तिथे तुमची नजर कामी येईल. बदल्यात दोन अनुभवी परीक्षक एकाच बीअरवर दहा-बारा मिनिटं कसं बोलतात, एकाने ३१ आणि दुसऱ्याने ३८ दिले तर मधे कसे येतात, हे शेजारी उभं राहून ऐकायला मिळतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला संपूर्ण संमेलनात याहून जास्त शिकवणारी जागा नाही.

क्लब नाइट ही सगळ्यांत मोठी संध्याकाळ. देशभरातले होमब्रू क्लब आपापला मांडव सजवतात, वेशभूषा करतात, आणि शेकडो नळांतून आपली बीअर पाजतात. इथेच नवखा माणूस तासाभरात गळपटतो, आणि तुमच्या बायकोच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. नमुना साधारण २ औंस, म्हणजे ६० मिलिलिटरचा. पाच टक्के बीअरच्या अशा एका नमुन्यात सुमारे २.४ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे सहा नमुने म्हणजे ३५५ मिलिलिटरचा एक पूर्ण कॅन. नऊ टक्क्यांच्या इंपीरियल स्टाउटचे मात्र तीन-साडेतीन नमुनेच एका कॅनएवढे. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. चार तासांत २४ नमुने घेतलेत तर चार कॅन झाले, आणि त्यातले अर्धे तगडे असतील तर साडेपाच. तुम्ही बाराची मर्यादा ठेवा. "हाफ पोअर, प्लीज" एवढं म्हणायचं, ३० मिलिलिटर मिळतं आणि चव कळायला तेवढं पुरतं. उरलेलं ओतून द्यायला बादल्या ठेवलेल्या असतात. ओतल्याने कुणाला राग येत नाही. बायकोला हा हिशेब आणि वहीतले प्रश्न दोन्ही दाखवा. तिची शंका रास्त आहे, आणि तिला खरं उत्तर मिळायला हवं.

क्रम महत्त्वाचा. जेवून जा. आधी फिकट लागर आणि गव्हाच्या, मग तपकिरी आणि स्टाउट, मग आयपीए. आंबट, धुरकट आणि मिरची घातलेल्या अगदी शेवटी, कारण त्यांच्यानंतर तासभर दुसरं काही नीट कळत नाही. प्रत्येक दोन नमुन्यांमागे ग्लासभर पाणी. अत्तर, सुगंधी तेल, पुदिन्याची गोळी काहीही नको. पहिला अर्धा तास फक्त फिरा आणि कोणत्या मांडवात काय आहे ते टिपून ठेवा. दाराजवळच्या मांडवांवर तेव्हा झुंबड असते, आतले रिकामे असतात. ब्रूअरशी खरं बोलणं तिथेच होतं. "छान आहे" म्हणून पुढे सरकू नका. कोणतं यीस्ट, किती अंशांवर, आणि पुढच्या वेळी काय बदलणार, हे तीन प्रश्न प्रत्येकाला विचारा. तिसऱ्याचं उत्तर सगळ्यांत मोलाचं असतं. बोलून झाल्यावर तिथेच दोन ओळी लिहा; सकाळी आठवून लिहू म्हटलं तर सगळ्या बीअर एकमेकांत मिसळलेल्या असतात.

परतीचं थोडक्यात. भारतात येताना एका प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं. म्हणजे ३५५ मिलिलिटरचे पाच कॅन, सहावा घेतलात की मर्यादा ओलांडली. किंवा ४७३ मिलिलिटरचे चार. दुकानातले सीलबंद कॅनच घ्या. कुणी प्रेमाने दिलेली बिनलेबलची बाटली तिथेच बहिणीकडे संपवा, कस्टम्सला तिचं स्पष्टीकरण देत बसावं लागेल. हॉप्स, धान्य, यीस्ट काही आणू नका. प्रत्येक कॅन वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत, मग कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेच्या मध्यभागी. आणताना आयपीए टाळा, तिचा हॉप उन्हाळ्यात महिन्याभरात विझतो. गडद, जास्त अल्कोहोलच्या बीअर प्रवास सोसतात. मुंबईहून रात्रीच्या सिद्धेश्वरने निघालात तर बॅग वातानुकूलित डब्यात सीटखाली ठेवा, आणि घरी पोचल्यावर कॅन उभे ठेवून दोन दिवस फ्रिजमध्ये राहू द्या, मगच पहिला उघडा.